फोन मॉनिटरला जोडला की लॅपटॉपची गरज संपते का?

एकतारी

लेखन, ईमेल, हिशेबाच्या शीट, व्हिडिओ मीटिंग आणि ब्राउझरमधली कामं, एवढंच ज्यांचं रोजचं काम आहे त्यांनी जुना लॅपटॉप बंद पडल्यावर नवा घ्यावाच का? माझं मत आहे, घेऊ नये. फोन हे काम पेलतो. मात्र फोन योग्य हवा आणि जोडणी नीट हवी.

कल्पना जुनी आहे. मोटोरोलाने २०११ मध्ये अ‍ॅट्रिक्ससोबत लॅपडॉक (फोन जोडायचं पडदा-कीबोर्डचं खोकं) काढला, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ल्युमिया ९५० ला कंटिन्युअम (मॉनिटरवर डेस्कटॉप दाखवणारी सोय) दिलं. दोन्ही टिकले नाहीत. त्याच धर्तीचं सॅमसंगचं डेक्स २०१७ मध्ये गॅलक्सी एस८ बरोबर आलं ते आजही चालू आहे. सुरुवातीला त्याला वेगळा डॉक लागायचा, २०१८ च्या नोट ९ पासून साधी यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल पुरते. खिडक्या, टास्कबार, कॉपी-पेस्ट, उजवी क्लिक, सगळं त्यात आहे.

लागणारं सामान असं: चित्र बाहेर देणारा यूएसबी-सी पोर्ट असलेला फोन, एचडीएमआय, किमान दोन यूएसबी-ए आणि चार्जरसाठी पॉवर डिलिव्हरीचं तोंड असलेला हब (एका पोर्टातून अनेक जोडण्या देणारी डबी), ४५ वॉटचा चार्जर, कीबोर्ड आणि माउस. २० वॉटचा चार्जर लावलात तर हब त्यातले काही वॉट स्वतःसाठी राखतो आणि काम जड असेल तर फोनची बॅटरी हळूहळू उतरतही जाऊ शकते.

जोडण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी चार्जर हबला, मग मॉनिटर, मग पेन ड्राइव्ह, आणि फोन शेवटी. चार्जर मागाहून लावला तर वीज कोणी कोणाला द्यायची हे पुन्हा ठरतं, बरेच हब त्या क्षणी रीसेट होतात, आणि ड्राइव्हवर फाइल लिहिणं चालू असेल तर ती अर्धवट राहते.

कळफलक

असहमत. मुळात तुम्ही वर्णन केलंय ते टेबलावरच्या संगणकाचं. लॅपटॉपचं नाही.

लॅपटॉपचा अर्थच असा की झाकण उघडलं आणि काम सुरू. पडदा, कीबोर्ड, टचपॅड, बॅटरी एकाच तुकड्यात. तुमच्या यादीतला फोन सोडला तर प्रत्येक वस्तू जिथे जाल तिथे आधीच हजर असायला हवी, नाहीतर पिशवीत घालून न्यायला हवी. न्यायची म्हटलं तर पोर्टेबल मॉनिटर, त्याचा स्टँड, हब, दोन केबल, चार्जर, कीबोर्ड, माउस. हे सगळं मिळून लॅपटॉपपेक्षा हलकं राहत नाही. लॅपडॉक घेतला तरी तेच: पडदा, कीबोर्ड आणि बॅटरी असलेलं ते खोकं किलोच्या पुढेच जातं. म्हणजे वजन लॅपटॉपचं उचलायचं आणि आत प्रोसेसर नाही.

पोर्टेबल मॉनिटर फोनच्या पोर्टवरच चालेल असं समजून बरेच जण घेतात. मॉनिटरला साधारण ५ ते १० वॉट लागतात, फोन बाहेर सहसा ५ वॉटच्या आसपासच देतो. मग मॉनिटर लागतो, विझतो, पुन्हा लागतो, किंवा ब्राइटनेस तळाला नेल्यावरच टिकतो. केबल खराब आहे म्हणून लोक केबल बदलत बसतात. दोष केबलचा नसतो, मॉनिटरच्या दुसऱ्या पोर्टला वेगळी वीज द्यावी लागते.

आता मॉनिटरशिवाय विचार करा. १३.३ इंची लॅपटॉपच्या पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ७५ चौरस इंच भरतं, ६.५ इंची उभट फोनचं १६ च्या आत. पाचवा हिस्सा. त्यातही पडद्यावरचा कीबोर्ड उघडला की मजकुराला उरतो जेमतेम अर्धा. दोन कागद शेजारी ठेवून ताडून पाहणं त्यावर होत नाही, आणि लेखनाच्या कामात तेच सतत करावं लागतं.

दोन_लेन

पोर्टबद्दल थोडं नेमकं सांगतो, कारण अर्ध्याहून जास्त तक्रारी तिथेच उगम पावतात.

यूएसबी-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. चित्र बाहेर येण्यासाठी फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ असावा लागतो. तपशीलपत्रात पोर्टसमोर यूएसबी २.० लिहिलेला अँड्रॉइड फोन चित्र देणार नाही असंच धरून चाला. आयफोनला मात्र हा नियम लागू नाही. आयफोन १५ चा साधा नमुना डेटा यूएसबी २ च्या वेगाने देतो आणि तरी चित्र बाहेर पाठवतो. (पण आयफोन मॉनिटरवर स्वतःचाच पडदा दाखवतो, खिडक्यांचा वेगळा डेस्कटॉप देत नाही. या चर्चेत तो बादच धरा.) पिक्सेल ८ मध्ये हार्डवेअर आधीपासून होतं, चित्र मात्र जून २०२४ च्या अपडेटनंतर बाहेर आलं. म्हणून फोनचं नाव बघून अंदाज करू नका, त्या नमुन्याचं तपशीलपत्रच वाचा.

हबचं गणितही समजून घ्या. यूएसबी-सी मध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात, त्यांना लेन म्हणतात. हबला यूएसबी ३ चा डेटाही हवा असेल तर दोन लेन डेटाला जातात आणि चित्राला दोनच उरतात. नेहमीच्या ५.४ गिगाबिटच्या दोन लेनमधून प्रत्यक्ष वापरायला सेकंदाला सुमारे ८.६ गिगाबिट मिळतात. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला १२ च्या आसपास लागतात. ते बसत नाही, म्हणून हब गुपचूप ३० वर उतरतो आणि माउसचा बाण ओढल्यासारखा मागे राहतो. लोक म्हणतात, फोन स्लो आहे. फोनचा काही दोष नसतो. रिझोल्यूशन २५६० बाय १४४० करा, ६० हर्ट्झ मिळतील आणि हात मोकळा वाटेल.

आणखी एक. वायरलेस माउसचा छोटा डोंगल (संदेश पकडणारा तुकडा) यूएसबी ३ च्या एसएसडीशेजारी खोचला तर माउस अडखळतो. यूएसबी ३ च्या तारांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच त्यावर टिपण काढलं होतं. अर्ध्या फुटाची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब नेला की प्रश्न मिटतो.

थंड_डोकं

पोर्ट ठीक. उष्णतेचं काय?

फोनला पंखा नसतो. त्याचं अंग हाताला चटका न देता सलग ३ ते ५ वॉटच बाहेर टाकू शकतं. पंख्याचा लॅपटॉप १५ ते २८ वॉट तासन्‌तास टाकतो. त्यामुळे वेगाच्या चाचण्यांचे आकडे इथे फसवतात. ती चाचणी काही मिनिटांत संपते, मीटिंग तासभर चालते.

सगळ्यात वाईट संच म्हणजे व्हिडिओ मीटिंग, स्क्रीन शेअर, मोबाइल डेटा आणि चार्जिंग, चारही एकदम. कॅमेऱ्याचं चित्र सतत दाबून पाठवायचं, मोबाइल नेटवर्कचा रेडिओ पूर्ण ताकदीने चालू, वर बॅटरी भरली जातेय. फोन आधी चार्जिंग मंद करतो, मग पडदा मंद करतो, मग प्रोसेसर. समोरच्याला तुमचा आवाज तुटक येतो आणि कारण कोणाच्याच लक्षात येत नाही.

उपाय आहेत. कव्हर काढा. फोन आडवा टेबलावर न ठेवता उभा ठेवा, म्हणजे पाठीमागून हवा फिरते. गरम होणारा हब त्याला चिकटवू नका. वाय-फाय असेल तर मोबाइल डेटा टाळा. फोनचा स्वतःचा पडदा बंद ठेवा. काही फोनमध्ये बॅटरी वगळून थेट चार्जरच्या विजेवर चालण्याची सोय असते, ती असेल तर चालू करा. पण रोज आठ तास असा राबवलेला, कायम १०० टक्क्यांवर टांगलेला फोन बॅटरी लवकर थकवणारच. लिथियम पेशीला उष्णता आणि पूर्ण चार्ज दोन्ही एकत्र सोसत नाहीत. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सेटिंग हा यातला निम्मा उपाय.

एकतारी

थंड_डोकं, पूर्ण मान्य. कळफलक, तुमचा वजनाचा मुद्दाही मान्य, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. किती लॅपटॉप खरंच मांडीवर वापरले जातात? बहुतेक दोन टेबलांमध्ये ये-जा करतात. दोन्ही टेबलांवर मॉनिटर आणि कीबोर्ड असेल तर मधल्या प्रवासात न्यायचा फक्त फोन.

वीज नसली तरी गणित जमतं. मॉनिटर ८ वॉट, फोन ४ वॉट, म्हणजे १२. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत कागदावर ७४ वॉट-तास असतात, तोटा जाऊन साठच्या आसपास हाती येतात. पाच तास. फक्त त्या पॉवर बँकेला दोन आउटपुट हवेत.

सूत्रकार

इथे सगळे हार्डवेअरवर भांडतायत. माझ्या मते फोन अडतो तो सॉफ्टवेअरवर, आणि शीटचं काम करणाऱ्याला ते पहिल्याच आठवड्यात कळतं.

एक्सेलच्या मोबाइल आवृत्तीत व्हीबीए मॅक्रो (शीटमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) चालत नाहीत. फाइल उघडते, आकडे दिसतात, बदलताही येतात. बटण दाबलं की काहीच होत नाही. कार्यालयातली महिन्याची मोठी शीट बहुधा अशाच एखाद्या मॅक्रोवर उभी असते. यंत्रांचे आराखडे काढायचं सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर आहे. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन, जुने स्कॅनर, प्रयोगशाळेतली यंत्रं यांचे ड्रायव्हर बहुतेक विंडोजसाठीच लिहिलेले असतात. यातलं एक काम महिन्यातून एकदाच येतं, पण ते येतं तेव्हा टाळता येत नाही.

दुसरा मुद्दा मेमरीचा. अँड्रॉइड सहसा लॅपटॉपसारखा रॅममधला भाग डिस्कवर हलवत (स्वॅप करत) नाही. रॅम कमी पडली की तो मागचं अ‍ॅप सरळ बंद करतो. ब्राउझरमध्ये अर्धा भरलेला अर्ज, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन पीडीएफ बघून परत येता तोवर पान पुन्हा लोड आणि अर्ज कोरा. लॅपटॉप अशा वेळी संथ होतो, पण तुमचं लिहिलेलं गिळत नाही. मोठं अपलोडही असंच मध्ये मरतं. त्या अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडलं तर बरंच सुधारतं, सगळं नाही. १२ जीबी रॅमखालचा फोन या कामाला घेऊ नये असं मी ठामपणे म्हणेन.

दूरस्थ

सूत्रकार, मॅक्रो फोनवर चालत नाही हे खरं, पण तो फोनवरच का चालवायचा? घरी किंवा कार्यालयात एक संगणक चालू ठेवा आणि फोनवरून रिमोट डेस्कटॉपने (त्याचा पडदा नेटवरून फोनवर आणून) त्यात शिरा. फोन फक्त खिडकी. प्रोग्रॅमिंगलाही हेच: एसएसएचने (दूरच्या संगणकाला आज्ञा देणारी सुरक्षित जोडणी) सर्व्हरवर जा आणि तिथे टीमक्स हा प्रोग्रॅम चालवा, म्हणजे जोडणी तुटली तरी काम जिथल्या तिथे राहतं. नेटवर्क सारखं बदलत असेल तर एसएसएचऐवजी मोश, ती जोडणी नेटवर्क बदललं तरी टिकते.

फोनच्या आतच लिनक्स हवं असेल तर टर्मक्स हे अ‍ॅप आहे. अँड्रॉइड १२ पासून त्यात एक खोड आली. अ‍ॅपांनी जन्माला घातलेल्या उपप्रक्रिया सगळ्या मिळून ३२ च्या वर गेल्या की यंत्रणा त्या मारते, आणि ‘सिग्नल ९’ एवढाच संदेश दिसतो. अँड्रॉइड १४ मध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये उपप्रक्रियांवरचं हे बंधन काढायचा पर्याय आहे. मार्च २०२५ पासून पिक्सेलवर गूगलचं स्वतःचं टर्मिनल अ‍ॅपही आलं. त्यात डेबियन हे लिनक्स वेगळ्या आभासी यंत्रात चालतं.

सूत्रकार

पण मग संगणक गेला कुठे? तो दुसऱ्या खोलीत चालू आहे आणि नेट गेलं की तुम्ही बाहेर. याला लॅपटॉपची जागा घेणं म्हणत नाहीत.

फोनमधल्या लिनक्सवरही मी काम उभारणार नाही. सॅमसंगने नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘लिनक्स ऑन डेक्स’ची बीटा दिली आणि पुढच्याच वर्षी अँड्रॉइड १० बरोबर ती बंद केली. ज्यांनी आपली साधनं त्यात बसवली होती त्यांना ती उचलून दुसरीकडे न्यावी लागली. लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तर ते काढून घेणारा कोणी नसतो.

कळफलक

शेवटी एक, जे अजून कोणी काढलं नाही. फोन हरवला तर? काम त्यात, ओटीपी त्यातच, लॉगिनचे कोड देणारा ऑथेंटिकेटरही त्यातच. नवा फोन घेऊन खात्यात शिरायला जो कोड लागतो तो हरवलेल्या फोनवर येणार. फोनच एकमेव यंत्र करणार असाल तर बॅकअप कोड कागदावर छापून फोनपासून वेगळे ठेवा आणि हार्डवेअर की (खातं उघडणारी पेन ड्राइव्हसारखी किल्ली) दोन नोंदवा, एक घरी राहील अशी. हे आधी करा, हब नंतर घ्या.

दोन_लेन

कळफलकांशी याबाबत शंभर टक्के सहमत. त्याला जोडून बॅकअपचं: ड्राइव्ह एक्सफॅट या फाइल-रचनेत फॉर्मॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि एनटीएफएस बऱ्याच फोनना वाचता येत नाही. पोर्ट यूएसबी २ असेल तर प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३५ ते ४० एमबी, म्हणजे ६४ जीबीला अर्धा तास धरा. तेवढा वेळ फाइल मॅनेजर समोरच उघडा ठेवा, नाहीतर सूत्रकार म्हणाले तसं यंत्रणा तो मध्येच बंद करेल. केबल काढण्याआधी सूचनापट्टीतून ‘इजेक्ट’ करा, आणि मग दोन-चार मोठ्या फाइल ड्राइव्हवरूनच उघडून बघा.