पुढचं पुस्तक तुम्हाला कुठं सापडलं?

वाचायचा नाद लागलेल्या माणसाला एकच घोर असतो, हातातलं संपत आलं, आता पुढं काय? आपल्या मराठवाड्यात तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या आणि गाईडचं दुकान, त्यामुळं प्रत्येकानं आपापली वाट शोधलेली असणार. ती इथं लिहा. सुरुवात मी करते.

आमच्या गावात, अहमदपूर तालुक्यात, ड वर्गाचं वाचनालय होतं, मारुतीच्या देवळामागं एक खोली आणि तीन कपाटं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिठ्ठी डकवलेली असायची, त्यावर तारीख आणि सभासद नंबर. नववीत असताना ध्यानात आलं की मला जे जे आवडलंय त्याच्या चिठ्ठीवर ४७ नंबर आहेच. मग मी उलटंच सुरू केलं, पुस्तक काढलं की आधी मागचं पान, ४७ दिसला की घरी. दोन वर्षं अशी काढली. हा ४७ कोण ते विचारायचा धीर होईना, बाप्या माणूस निघाला तर गाव काय म्हणेल. बारावीला लातूरला निघाले तेव्हा ग्रंथपाल काकांना विचारलंच, तर म्हणे अगं तुमच्या गल्लीतली शिलाईवाली मावशी की! जिच्याकडं मी दर दिवाळीला ड्रेस टाकायचे ती. चौथी शिकलेली, मशीनच्या ड्रॉवरमधे बॉबिनांसोबत पुस्तक ठेवायची. तशीच पळत गेले, सांगितलं, तर हातातली कात्री ठेवून म्हणाली, "तूच का ती २१२? मी बी बघायले कवापासून, कोण माझ्या मागं मागं यायलंय म्हणून."

अजून गावी गेले की आधी मावशीकडं, मग घरी.

उमरग्याहून
वाचून भरून आलं ताई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी पाचवीत. पुढं बरेच महिने पत्र्याच्या शेडमधे काढले. मदतीच्या ट्रकमधून कपडे यायचे त्यात एकदा जुन्या मासिकांचा गठ्ठा आला, कुणी टाकला देव जाणे. त्यातल्या एका अंकात एक लांब गोष्ट होती आणि शेवटी "क्रमशः". पुढचा अंक गठ्ठ्यात नव्हता. त्या शेडमधे रात्री पाऊस वाजायचा तेव्हा मी पडल्या पडल्या पुढचा भाग स्वतःच रचायचो, रोज वेगळा. औरंगाबादला कॉलेजला गेलो तेव्हा औरंगपुऱ्यात, रद्दीत, दिसेल ते जुनं मासिक चाळायचो. तो अंक नाही मिळाला पण तो शोधता शोधता जे वाचलं त्याच्यावरच मी आजवर जगतोय.

धारूर तालुका, बीड
आमची आई-दादा ऊसतोडीला. दिवाळी झाली की बैलगाडीत संसार टाकून कारखान्यावर, शाळा तेवढे महिने बंद. कोपीत, म्हणजे तिथल्या आमच्या झोपडीत, पुस्तक एकच, आजीची पोथी. आजीला अक्षर येत नव्हतं म्हणून मी वाचायची, चिमणीच्या उजेडात, आणि शेजारच्या कोप्यांतल्या बाया दिवसभर मोळ्या वाहून आलेल्या तरी यायच्या. अध्याय अर्ध्यात थांबवला की म्हणायच्या, "पुढं काय झालं गं, तेवढं सांगून झोप." पोथी संपली. मग त्याच बायांनी आठवड्याच्या बाजारातून, मीठ-मिरची आणायला गेल्या की, माझ्यासाठी काहीतरी छापलेलं आणायला सुरुवात केली. वाचता येत नसलेल्या बायांनी निवडलेली पुस्तकं! एकीनं पंचांग आणलं, एकीनं बिनकव्हरची कादंबरी. ती कादंबरी आम्ही सगळ्यांनी मिळून संपवली, पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या आत.

परभणी
लहान लेकरं असणाऱ्यांना सांगतो, किशोर मासिक १९७१ पासून निघतंय आणि बालभारतीनं जुने अंक नेटवर फुकट ठेवलेत. मी लेकीसाठी उघडले आणि स्वतःच रात्री दोनपर्यंत बसलो.

उदगीर
२०२२ च्या एप्रिलात आमच्याकडं ९५ वं साहित्य संमेलन भरलं होतं, ऊन म्हणजे अंगाची लाही. मी स्टॉलवर लोकांच्या हातातल्या पिशव्यात बघत फिरले. एक आजोबा पैसे मोजून मोजून एकच पुस्तक घेत होते, मी पण तेच घेतलं. असा माणूस चुकत नाही.

जालन्याहून
मला सुचवायचं नाही, मागायचंय. सासूबाई ७४ वर्षांच्या, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं. चष्मा लागल्यावर पहिलं वाक्य, "आता मला वाचायला दे." शेतातल्या बायकांचं, आपल्याकडच्या बोलीतलं, टाइप मोठा असलेलं काय आहे? उद्या संध्याकाळी बाजारात जायलेय.