ब्रह्मदेवाचा आजचा दिवस किती उलटला? १९५ कोटी वर्षं की १९७ कोटी?

संकल्पवाला:
संकल्पात ‘ब्रह्मणो द्वितीये परार्धे… श्रीश्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे अष्टाविंशतितमे युगे’ म्हणतात. त्यावरून हिशेब केला की १९७ कोटी येतात. काही पंचांगांत मात्र शके १९४७ साठी १,९५,५८,८५,१२६ असतात. शिवाय १४ मन्वंतरं × ७१ महायुगं (महायुग म्हणजे चार युगांचा एक फेरा) म्हणजे ९९४. कल्पाची, म्हणजे ब्रह्मदेवाच्या एका दिवसाची, हजार महायुगं पुरी व्हायला ६ कमी पडतात, ती कुठली?

घटकापळे:
ती ६ संधिकालांची. कल्पाच्या आरंभी एक आणि प्रत्येक मन्वंतराअखेर एक, असे १५ संधिकाल, प्रत्येकी कृतयुगाएवढा, म्हणजे १७,२८,००० वर्षांचा. बहुतेक जण आरंभीचा विसरून १४ च धरतात आणि गाडी अडते.

आता गतकाळ (महायुग ४३,२०,००० वर्षांचं):
सरलेली ६ मन्वंतरं (वैवस्वत सातवं) × ७१ = ४२६
७ संधिकाल = २.८
वैवस्वतातली पुरी झालेली २७ (२८ धरू नका, अठ्ठाविसावं चालू आहे)
चालू महायुगातले कृत, त्रेता, द्वापर = ०.९

झाली ४५६.७ महायुगं, म्हणजे १,९७,२९,४४,००० वर्षं. त्यात गतकली, म्हणजे कलियुगाची उलटलेली वर्षं, मिळवा: शक + ३१७९. शके १९४७ ला ५१२६. एकूण १,९७,२९,४९,१२६.

मध्यमग्रह:
दोन आकड्यांतला फरक नेमका १,७०,६४,०००. सूर्यसिद्धांत हा जुना ज्योतिषग्रंथ म्हणतो, चराचर सृष्टी रचायला ब्रह्मदेवाला ४७,४०० दिव्य वर्षं लागली; एक दिव्य वर्ष आपल्या ३६० वर्षांचं, म्हणून त्याला ३६० ने गुणा. १९७ कोटी कल्पारंभापासून, १९५ कोटी सृष्ट्यारंभापासून. ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य ही वजावट करत नाहीत.

मात्र सरमिसळ करू नका. सूर्यसिद्धांतात दर १०,८०,००० वर्षांनी सगळे मध्यम ग्रह (सरासरी गतीने काढलेली ग्रहांची स्थानं) मेषारंभी येतात. कलियुगारंभापर्यंतच्या १,९५,५८,८०,००० ला त्याने निःशेष भाग जातो, १,९७,२९,४४,००० ला जात नाही. म्हणून त्या ग्रंथाचे भगण (ग्रहांच्या फेऱ्यांचे आकडे) घेऊन १९७ कोटी वापरले की ग्रह भलतीकडेच निघतात.

संकल्पवाला:
आणि परार्धाचं काय? तो या बेरजेत कुठेच आला नाही.

घटकापळे:
येणारही नाही. द्वितीय परार्ध, आयुष्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे ब्रह्मदेवाची ५० वर्षं सरली, एक्कावन्नावं चालू. पण सिद्धांतशिरोमणीत भास्कराचार्यांनी हा वाद झटकूनच टाकलाय: कोणी अर्धं आयुष्य गेलं म्हणतात, कोणी साडेआठ वर्षं, काहीही असो, त्याचा उपयोग नाही, ग्रह चालू दिवसाच्या गतकाळावरूनच काढायचे. त्या दिवसाच्या ३० घटकांपैकी १३ घटका ४२ पळे झालीत. ब्रह्मदेवाची दुपार अजून व्हायचीय.