मदत हवी आहे: काळ्या मातीचे बैल तडकतात

मे महिन्यात नागपूरजवळच्या शेतावर ८ ते १२ वर्षांच्या २० मुलांचं शिबिर आहे. वेळ सकाळी ६:३० ते ९:३०. त्यानंतर पोट्टे आणि शेळ्या, दोघंही धापा टाकतात.

तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण) लाकडी बैल मिरवतात, तसे बैल मातीचे करायचेत. पण आपली काळी माती वाळताना आकसते अन् पाय पोटाला जोडतो नेमकी तिथंच भेग पडते. तीन भाग मातीला एक भाग चाळलेली रेती, जोडावर ओरखडे काढून पातळ चिखल, वर ओलं गोणपाट, एवढं करूनही गरम वाऱ्यानं शिंगं आधी सुकतात. धानाचा कोंडा घालू की शेण? प्रमाण किती?

शेळीजवळ एका वेळी चारच मुलं, चारा सपाट तळहातावर, ते जमतं. रंगासाठी पळसाची वाळकी फुलं मात्र हवीत, कुणाकडे पावशेर आहेत का?