प्रतिसाद: निकाल ठरलेला, तरी मतदान कशाला?

निकाल ठरलेलाच असेल तर हुकूमशहा मतदानावर खर्च का करतात, असं वर विचारलंय. पाकिस्तानचे लष्करी हुकूमशहा झिया-उल-हक यांचं डिसेंबर १९८४चं सार्वमत बघा. प्रश्न होता, कायदे इस्लामला अनुसरून करण्याला तुमचा पाठिंबा आहे का? बहुमत ‘हो’ म्हणालं की झिया पाच वर्षं अध्यक्ष! इस्लामला ‘नाही’ कोण म्हणणार? सत्ता बंदुकीच्या जोरावर आधीच हातात होती, हवा होता तो लोकमान्यतेचा शिक्का.

पण हा शिक्का कधी अंगावरही येतो. १९८५मध्ये पक्षविरहित निवडणुका घेऊन झियांनी मोहम्मद खान जुनेजो या राजकारण्याला पंतप्रधान केलं. बुजगावणं म्हणून नेमलेला हा गृहस्थ खरोखरच पंतप्रधानासारखा वागू लागला. मार्शल लॉ उठवायचा आग्रह धरला, झियांच्या मनाविरुद्ध अफगाणिस्तानबाबतचा (सोव्हिएत फौजांच्या माघारीचा) जिनिव्हा करार केला. मे १९८८मध्ये झियांनी त्यांना घरी बसवलं, सोबत संसदेचं कनिष्ठ सभागृहही बरखास्त.