विमानतळावरचा बॉडी स्कॅनर: किरणांचा शेक घेतलेल्या आईला आणि गर्भवती बहिणीला त्यातून जाऊ द्यावे का?

प्रश्न : शिक्षक, आर्वी तालुका, जि. वर्धा

नमस्कार. माझी धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेत टेक्सास राज्यात राहते. सध्या ती माहेरी आलेली असून तिला पाचवा महिना सुरू आहे. बाळंतपणाच्या वेळी जवळ कोणीतरी असावे म्हणून परत जाताना ती आईला सोबत नेणार आहे. नागपूरहून दिल्ली आणि दिल्लीहून पुढे, असा दोघींचा प्रवास ठरला आहे. आईचे वय ६६ आहे. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता, शस्त्रक्रियेत एक स्तन काढावा लागला आणि मागच्या वर्षी नागपूरला शेक (रेडिएशन, म्हणजे किरणोपचार) देऊन झाले. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिलेली आहे.

अडचण अशी की, परदेशी जाऊन आलेल्या काही लोकांनी आईला सांगितले की तिकडच्या विमानतळावर काचेच्या खोलीसारख्या यंत्रात हात वर करून उभे करतात आणि त्यात डोक्यापासून पायापर्यंत एक्स-रे निघतो. त्यावर आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी भर घातली की शेक घेतलेल्या माणसाचा किरणांचा कोटा संपलेला असतो, त्यामुळे आता एकही एक्स-रे अंगावर घेऊ नये आणि गर्भवती बाईने तर त्या यंत्राच्या आसपासही थांबू नये. तेव्हापासून आई तिकीट रद्द करायला सांगते आहे आणि बहीणही धास्तावली आहे. या यंत्रातून नेमके कोणते किरण निघतात, त्यातून जायला नकार देता येतो का, आणि आपल्या नागपूरच्या विमानतळावरचा दरवाजाही त्याच प्रकारचा आहे का, हे जाणकारांनी सांगावे. सोबत डिंकाचे लाडू, सुंठ, खारीक, खोबरे असे बाळंतिणीचे सामान आहे. ते बॅगेच्या यंत्रातून गेल्यावर खाण्यायोग्य राहते का, असेही आईने विचारले आहे.

उत्तर : निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, पुसद

सर, आपल्या आईंची भीती मी हलकी मानणार नाही, कारण ज्या किरणांनी त्यांचा आजार आटोक्यात आणला त्यांचा त्रासही त्यांनी सोसलेला आहे. मात्र त्यांना मिळालेली माहिती तीन वेगवेगळ्या यंत्रांची सरमिसळ करून दिलेली आहे, म्हणून ती यंत्रे आधी वेगळी करून घेऊ.

आपल्याकडे प्रवासी ज्या चौकटीतून चालत जातो तो धातुशोधक दरवाजा असतो. त्यात दुर्बल चुंबकीय क्षेत्र असते, एक्स-रे नसतो; केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान हातात धरून फिरवतात ते यंत्रही त्याच तत्त्वावर चालते. बॅगा ज्या पट्ट्यावरून आत जातात त्या यंत्रात मात्र खरोखर एक्स-रे असतो आणि म्हणूनच त्याच्या दोन्ही तोंडांना शिशाचे जड पडदे लावलेले असतात. रांगेत त्याच्या शेजारी उभे राहिल्याने काही होत नाही, पण बॅग अडकली म्हणून पडद्याच्या आत हात घालू नये आणि लहान मुलांना पट्ट्याजवळ खेळू देऊ नये. तिसरे यंत्र म्हणजे हात वर करून उभे राहण्याचा बॉडी स्कॅनर. अमेरिकेच्या विमानतळांवर आज जे बॉडी स्कॅनर आहेत ते मिलिमीटर लहरींचे आहेत. या लहरी रेडिओ लहरींच्या कुळातल्या असून त्यांची वारंवारता साधारण २४ ते ३० गिगाहर्ट्झ असते. त्या कपड्यांतून आरपार जातात, त्वचेवरून परततात आणि परतलेल्या लहरींवरून अंगावर काही लपवले आहे का, एवढेच संगणक पाहतो. शरीराच्या आतले, गर्भाशयातले किंवा हाडातले त्यात काहीही दिसत नाही, कारण लहरी तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांची शक्तीही मोबाइल फोनच्या तुलनेत हजारो पटींनी कमी असते.

आता कोट्याविषयी. किरणोत्सारात आयुष्यभराचा ठरावीक कोटा असतो आणि तो संपला की पुढचा थेंबही विषारी ठरतो, असा कोणताही नियम वैद्यकात नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाने सर्वसामान्य नागरिकासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेली किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आणि आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट अशा मर्यादा घातल्या आहेत. पण रुग्णाला उपचारासाठी दिलेले किरण या मर्यादांमध्ये मोजले जात नाहीत. स्तनाच्या कर्करोगात बहुधा ४० ते ५० ग्रे (शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचे एकक) इतकी मात्रा ठरलेल्या भागालाच, अनेक बैठकांत विभागून दिली जाते. बाहेरून शेक घेतल्याने माणूस स्वतः किरणोत्सारीही होत नाही. मिलिमीटर लहरींच्या स्कॅनरमधून आईंच्या शरीराला मिळणारी एक्स-रेची मात्रा शून्य आहे, त्यामुळे आधीच्या उपचारात भर पडण्याचा प्रश्नच येत नाही.

लाडूंची काळजी करू नका. एक्स-रे गेल्याने अन्न किरणोत्सारी होत नाही आणि त्याची चवही बदलत नाही. मात्र अमेरिकेत काय खाद्यपदार्थ नेता येतात याचे नियम कडक आहेत, ते बहिणीने तिकडच्या सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावेत आणि सोबत नेलेले सर्व पदार्थ उतरल्यावरच्या माहितीत खरे खरे सांगावेत.

नोकरीत असताना छातीवर किरण मोजणारा टीएलडी बॅज लावून वावरलेला माणूस म्हणून एक सांगावेसे वाटते. भीती ठेवायचीच असेल तर ती तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे काढताना दार उघडे ठेवणाऱ्या खोल्यांविषयी ठेवावी. तिथे मुलाला धरून उभ्या असलेल्या आईला शिशाचा अॅप्रन मिळत नसेल तर तो मागून घ्यावा. गर्भवती स्त्रीने तर रुग्णाला धरण्यासाठी आत जाऊच नये.

उत्तर : भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका, अचलपूर

तंत्रज्ञ काकांनी सांगितलेले बरोबर आहे, परंतु लोकांच्या मनात ही भीती शिरली ती निराधार अफवेमुळे नव्हे, हेही नोंदवले पाहिजे. अमेरिकेत पूर्वी दोन प्रकारचे बॉडी स्कॅनर वापरात होते आणि त्यांतला एक खरोखरच एक्स-रेवर चालत असे. त्यात मंद एक्स-रेचा बारीक झोत अंगावरून फिरवला जाई आणि परत फिरलेल्या किरणांवरून चित्र तयार होई. एप्रिल २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या काही शास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांना पत्र लिहून विचारले होते की, ही मात्रा संपूर्ण शरीराची सरासरी म्हणून मोजणे योग्य आहे का, कारण या किरणांची बरीचशी ऊर्जा त्वचेत आणि तिच्या लगतच्या ऊतींतच सोडली जाते. तो प्रश्न जबाबदार होता आणि विचारलाच गेला पाहिजे होता.

पुढे मोजमापे झाली. त्या एक्स-रे स्कॅनरची मात्रा एका तपासणीला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्याही (मायक्रोसिव्हर्ट म्हणजे मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग) खाली आढळली. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार नैसर्गिकपणे मिळतच असतो. त्या हिशेबाने ०.१ मायक्रोसिव्हर्ट म्हणजे घरी बसून वीस-बावीस मिनिटांत मिळणारी मात्रा झाली. तरीही युरोपीय संघाने नोव्हेंबर २०११ मध्ये विमानतळांसाठी एक्स-रेचे स्कॅनर वगळूनच नियम केले. अमेरिकेतली ती यंत्रे २०१३ च्या मध्यापर्यंत विमानतळांवरून हटवली गेली, मात्र त्याचे थेट कारण किरणोत्सार हे नव्हते. प्रवाशाच्या उघड्या शरीरासारखे दिसणारे चित्र दाखवू नये, फक्त एका ठरावीक आकृतीवर संशयाची जागा दाखवावी, असे तिथल्या कायद्याने सांगितले आणि त्या यंत्रांना ते वेळेत जमले नाही. भारतात नागरी विमान सुरक्षा विभागाने २०१९ मध्ये ८४ विमानतळांसाठी बॉडी स्कॅनर बसवण्याचे निर्देश दिले, तेही मिलिमीटर लहरींचेच.

माझा आग्रह एका तत्त्वाचा आहे. किरणोत्सार संरक्षणात मात्रा किती लहान आहे हे विचारण्याच्या आधी ती देण्याची गरज आहे का, हे विचारतात. एक्स-रेशिवाय तेच काम होत असेल तर निरोगी प्रवाशाला, त्यातही गर्भवतीला, कितीही अल्प मात्रा का द्यावी? म्हणून एक्स-रेचे स्कॅनर गेले हे योग्यच झाले असे मी मानते. हेच तत्त्व मिलिमीटर लहरींना लावताना मात्र त्यांचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. रेणूतून इलेक्ट्रॉन सुटा करायला साधारण दहा-बारा इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचे अतिसूक्ष्म एकक) ऊर्जा लागते आणि या लहरींच्या एका कणाची ऊर्जा त्याच्या सुमारे एक लाखाव्या हिश्श्याइतकी असते. असे कण कितीही आले तरी गुणसूत्रांची मोडतोड करण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते.

आपल्या बहिणीच्या प्रवासात खरा किरणोत्सार कुठे आहे, तर तो विमानात आहे. उंचावर हवेचे कवच विरळ असल्याने अवकाशातून येणारे किरण अधिक मिळतात. लांब पल्ल्याच्या उत्तरेकडच्या मार्गांवर ही मात्रा तासाला साधारण ३ ते ५ मायक्रोसिव्हर्ट असते. सोळा तासांच्या उड्डाणाला ती ५० ते ८० मायक्रोसिव्हर्ट होईल, म्हणजे छातीच्या एका एक्स-रेच्या आसपास. गर्भासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर सुचवलेली मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे १००० मायक्रोसिव्हर्ट, आहे. तेव्हा वारंवार उडणाऱ्या विमान कर्मचारी स्त्रियांना गरोदरपणात हा हिशेब ठेवावा लागतो, पण एका प्रवासासाठी तिकीट रद्द करण्याचे कारण त्यात नाही. तासन्तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका गर्भवतीला आणि कर्करोगातून उठलेल्या स्त्रीला जास्त असतो. त्याविषयी दोघींच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

उत्तर : वरुडच्या एक गृहिणी, मुलगी परदेशी

भाऊ, किरणांबद्दल वर सगळे आलेच आहे, मी आईंच्या दृष्टीने लिहिते, कारण माझ्या नणंदेचेही असेच ऑपरेशन झालेले होते आणि तिला मी स्वतः घेऊन गेले होते. स्तन काढल्यानंतर कपड्यांच्या आतून कापडाचा किंवा सिलिकॉनचा आधार घालतात, तो या यंत्राला वेगळा दिसू शकतो आणि मग त्या जागेची झडती घेतली जाते. अमेरिकेत तो आधार काढून दाखवायला सांगता येत नाही, असा तिथल्या सुरक्षा यंत्रणेचा नियम आहे. तपासणीच्या आधीच बहिणीने हळू आवाजात तिथल्या महिला कर्मचाऱ्याला सांगावे आणि हवी असल्यास बंद खोलीत, बहिणीला सोबत ठेवून झडती घ्या म्हणावे. प्रवासाच्या ७२ तास आधी फोन करून मदत मागण्याचीही तिकडे सोय आहे.

स्कॅनर नकोच असेल तर त्यात पाय ठेवण्याआधी तसे स्पष्ट सांगावे. त्याऐवजी महिला कर्मचारी अंगझडती घेते. पण माझ्या मते आईंना झडतीपेक्षा यंत्र बरे वाटेल, कारण ती झडती चांगलीच कसून होते आणि शस्त्रक्रियेची जागा दुखरी असेल तर त्रास होतो. लुगडे किंवा निऱ्यांची साडी असेल तर घड्यांमुळे यंत्र उगाच खूण दाखवते, म्हणून साधा सलवार-कुर्ता घालावा, अंबाड्याच्या पिना कमी ठेवाव्यात. आपल्याकडे बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवानच करतात, तेव्हा नागपूरला आणि दिल्लीला त्याची काळजी नको.

प्रश्न : दारव्हा येथील एक वाचक

माझ्या वडिलांना पेसमेकर बसवलेला आहे. त्यांनाही हेच लागू होते का?

उत्तर : निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, पुसद

त्यांचा प्रश्न किरणांचा नसून चुंबकीय क्षेत्राचा आहे. पेसमेकरचे ओळखपत्र आधी दाखवावे. धातुशोधक दरवाजातून नेहमीच्या चालीने जावे, त्याला टेकून किंवा मध्ये थांबून राहू नये, आणि हातातले यंत्र छातीवर धरून ठेवू नये अशी विनंती करावी. मधुमेहाचा इन्सुलिन पंप किंवा दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर असेल तर मात्र काही कंपन्या तो एक्स-रेतून आणि बॉडी स्कॅनरमधून नेऊ नये असे सांगतात. त्या उपकरणासोबतची पुस्तिका पाहावी.

प्रश्न : शिक्षक, आर्वी तालुका

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आईला हे सगळे वाचून दाखवले आणि ती जायला तयार झाली आहे. एकच शंका राहिली. निघण्याच्या पंधरवड्यात तिचा हाडांचा स्कॅन ठरलेला आहे, त्यात शिरेतून किरणोत्सारी औषध देतात असे समजले. त्यामुळे विमानतळावर काही अडचण येईल का?

उत्तर : निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, पुसद

चांगले झाले विचारलेत, कारण इथे प्रकरण उलटे असते. बाहेरून दिलेला शेक अंगात राहत नाही, पण शिरेतून किंवा तोंडाने दिलेले किरणोत्सारी औषध काही काळ राहते आणि अमेरिकेत उतरल्यावर अधिकाऱ्यांजवळची किरणोत्सार शोधणारी यंत्रे त्यावर वाजू शकतात. हाडांच्या स्कॅनसाठी टेक्नेशियम नावाचे किरणोत्सारी द्रव्य वापरतात; त्याचे अर्धायुष्य (म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा काळ) सहा तासांचे असल्याने दोन-तीन दिवसांत ते जवळजवळ संपते. थायरॉइडच्या उपचारातले आयोडीन-१३१ मात्र आठ दिवसांच्या अर्धायुष्याचे असते आणि त्याचा मागमूस संवेदनशील यंत्रांना काही आठवड्यांनंतरही लागतो. स्कॅनची तारीख शक्यतो निघण्याच्या आठवडाभर तरी आधीची घ्या आणि तारीख हलवायची असेल तर ते डॉक्टरांच्या संमतीनेच करा. स्कॅन करणाऱ्या विभागाकडून इंग्रजीत पत्र घ्या. त्यात तपासणीचे नाव, औषधाचे नाव व मात्रा, दिल्याची तारीख, डॉक्टरांची सही आणि विभागाचा दूरध्वनी क्रमांक असावा. पत्राच्या दोन प्रती काढून एक आईंच्या हातातल्या पिशवीत आणि एक बहिणीजवळ ठेवा, कारण तिकडे उतरल्यावर तिथले रहिवासी आणि पाहुणे यांच्या रांगा बहुधा वेगळ्या असतात आणि तेवढ्या वेळेपुरत्या दोघी एकमेकींपासून दूर असू शकतात.