प्रयोगाआधीचा आठवडा: निर्मिती सांभाळणाऱ्यांनो, लिहा!

ऑगस्ट आला की पुण्यात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचे वारे सुरू. १९६३ पासूनच्या या स्पर्धेतल्या लेखक-दिग्दर्शकांच्या आठवणी पोटभर ऐकून झाल्यात. पण टेम्पो ठरवणारा, पावत्या जपणारा एक जण प्रत्येक संघात असतो. कॉलेजात त्याला निर्माता कुणी म्हणत नाही, 'अरे ऐक ना' म्हणतात. त्याच्या आठवड्याबद्दल या धाग्यावर प्रतिसाद लिहा.

माझ्यापासून सुरुवात. प्रयोग शनिवारी, आणि सोमवारी दिग्दर्शक म्हणाला, सेटवरची मधली लेव्हल, म्हणजे उंचवटा, सहा इंच वाढव. सुतार म्हणाला, गुरुवारनंतर बोल. मंगळवारी बोहरी आळीत सुतळी, खिळे, चाकं. पक्कं बिल मागितलं तर मालकाने असं पाहिलं, जणू दुकानच मागतोय. इकडे कॉलेजचं अकाउंट्स कच्च्या बिलाला हात लावेना. खिशातले बावीसशे गेले, दिवाळीनंतर निम्मे परत आले.

शनिवारी पहाटे सेट चढवताना धो धो पाऊस. टेम्पोवर ताडपत्री होती, पण तिला भोक नेमकं सेटच्या खिडकीत रंगवलेल्या आभाळावर. निळा ओघळ थेट भिंतीवर. भरत नाट्य मंदिरात पोचलो तेव्हा पुसायला वेळच नव्हता. परीक्षकांनी नंतर 'ओल आलेल्या भिंतीचं' खास कौतुक केलं. आम्ही सगळे गप्प.

लगेज डबा

आम्हा मुंबईकरांना टेम्पो परवडत नव्हता. दाराची चौकट डोंबिवलीहून दादरला लोकलच्या लगेज डब्यातून नेली. एका मावशींनी टोपली सरकवून जागा दिली आणि विचारलं, "चौकट हाय, मग दार कुठाय?" दार दुसऱ्या दिवशीच्या खेपेला होतं. कपडेपटाच्या पिशवीला बोंबलाचा वास लागला तो लागलाच. नायिका पहिल्या प्रवेशात खरोखर नाक मुरडत होती.

त्यातच बुधवारी लेखकाला नवं शीर्षक सुचलं! संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून जुन्या नावाने संमत होऊन आलेली. मी म्हटलं, बाळाचं बारसं झालंय, आता नाव बदलायचं तर पुढच्या जन्मी. दोन दिवस तो बोलला नाही माझ्याशी. बरंच झालं, तेवढीच शांतता.

धुक्यातली

मी ब्रिटनमध्ये नाट्यनिर्मितीच शिकतेय. गेल्या ऑगस्टमध्ये आमचा गट एडिंबरा फ्रिंज या नाट्यमहोत्सवाला गेला होता. तिथे एकाच जागेत दिवसभर एकामागून एक प्रयोग. आधीचे लोक निघाले की पंधरा मिनिटांत आपला सेट लावायचा, आणि संपल्यावर त्याहून लवकर उचलायचा. सकाळी रॉयल माइल या तिथल्या रस्त्यावर पत्रकं वाटायची. शंभर वाटली की तिकिटं किती खपायची? तीन, चार.

माझ्या प्रवेशात निरांजन होतं. खरी ज्योत लावायची म्हणून मी जोखमीचा तक्ता भरला: ज्योत किती उंच, कापड किती लांब, जवळ कोण उभं राहणार, अग्निशामक कुठे. चार पानं! उत्तर आलं: बॅटरीचा दिवा वापरा. आई फोनवर म्हणाली, "अगं, फुलवात आणि तूप एवढंच तर लागतं." तिला तक्ता समजावण्यात माझी जेवणाची सुट्टी गेली.

सात आयांची मुलगी

माझा आठवडा म्हणजे फोन. नाटकात सात मुली, तालीम रात्री साडेदहापर्यंत. रोज संध्याकाळी सातही घरी फोन करून "काकू, मी सोडते तिला" म्हणायचं. गाडी एकच, माझी. कुणाची आई तालमीचं विचारायची, कुणाची सबमिशनचं. एका काकूंनी तर शेवटच्या दिवशी माझ्याच आईचा नंबर मागितला. लाइट्स कोण बघतंय हे मला प्रयोगाच्या दिवशी कळलं.

ता. क. धागाकर्त्याला: तो खिडकीचा फ्लॅट (सेटची भिंत) अजून कॉलेजात पडून आहे का? आम्हाला पुढच्या महिन्यात ओल आलेली भिंत लागणार आहे. टेम्पो आमचा.