गोधडी: कला, कारागिरी की कलाकुसर?

हाताने शिवलेल्या गोधडीला 'कला' म्हणायचं की 'कारागिरी'? यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: भिंतीवर टांगली तर कला, अंगावर घेतली तर कारागिरी. मला हे अजिबात पटत नाही. गोधडी तीच असते, फक्त जागा बदलते. जागेवरून शब्द ठरवला तर शिवणारीने काय केलं याची दखलच घेतली जात नाही.

आधी शब्द पाहू. चौसष्ट कलांच्या जुन्या यादीत 'सूचीवानकर्म', म्हणजे सुईकाम, गायन-वादनाच्याच पंगतीत आहे. तिथे 'कला' म्हणजे शिकून, सरावाने हाती येणारी विद्या. 'शिल्प' हा शब्दही संस्कृतात हाताच्या कोणत्याही कसबी कामाला चाले. आज मराठीत 'शिल्प' म्हटलं की मूर्तीच डोळ्यापुढे येते. 'कारागीर' फारसीतून आला. 'कसब' अरबीतला, मुळात कमाईशी जोडलेला. म्हणजे पोटापाण्याचा वास या शब्दांना आहे, पण कमीपणाचा नाही. तो आपण नंतर चिकटवला.

माझ्या मते दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. कारागिरी म्हणजे हात. सगळे थर एकसारखे ताणून कच्च्या टाक्यांनी आधी धरून ठेवायचे, नाहीतर खालचं कापड सरकतं आणि चुण्या शिवणीतच अडकतात. मग धावदोरा असा घालायचा की टाका प्रत्येक थरातून आरपार जाईल आणि उलट्या बाजूलाही सारखाच दिसेल. नवं कोरं कापड जुन्याशेजारी लावण्याआधी धुऊन घ्यायचं, कारण पहिल्या धुण्यात ते आटतं आणि शेजारचं ठिगळ ओढतं. हे जमलं की नाही, ते गोधडी उलटून पाहिली की कळतं.

कला म्हणजे निवड. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या ॲनी मे यंग यांनी 1976 मध्ये शिवलेल्या गोधडीत मधोमध भडक रंगांच्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या आहेत आणि भोवती कामाच्या कपड्यांचं विटलेलं निळं डेनिम. जीज बेंडच्या अशा गोधड्यांत उसवलेल्या खिशाच्या जागी कापड गडद राहिलेलं दिसतं, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं. तो तुकडा कुठे बसवायचा हे टाक्याचं कौशल्य सांगत नाही, ते डोळ्याने ठरतं. आणि या गोधड्या पांघरायलाच शिवल्या होत्या! 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, म्हणून त्या काही त्या दिवशी कला झाल्या नाहीत.

त्याआधी 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या भिंतींवर लावल्या. त्याने मान मिळाला खरा, पण शिवणाऱ्या बायका आणि त्यांचं काम बाजूला पडून नुसती रंगरचना उरली, अशी टीकाही पुढे झाली. ती मला रास्त वाटते. नुसतं 'कला' म्हणण्यातला धोका हाच: हात दिसेनासा होतो.

राहिला 'कलाकुसर'. गोधडीबद्दल हा शब्द फार सैल वापरला जातो आणि माझा खरा आक्षेप याच्यावर आहे. कलाकुसर म्हणजे बारीक, नाजूक सजावट. ती एखाद्या वस्तूवर असते. 'गोधडीच्या काठावर सुंदर कलाकुसर आहे' हे वाक्य बिनचूक. 'गोधडी ही एक कलाकुसर आहे' हे मात्र चुकीचं, कारण त्यात अख्खी वस्तू नक्षीपुरती उरते. 'हस्तकला' चालेल, पण तो वर्गवारीचा शब्द झाला आहे. टोपलीपासून कागदी फुलांपर्यंत सगळं त्यात येतं आणि समोरच्या गोधडीबद्दल काहीच कळत नाही.

म्हणून मी 'तिची कारागिरी पक्की आहे, आणि रंगांच्या मांडणीत कला आहे' असं लिहीन. दोन्ही शब्द एकाच गोधडीला, एकाच वाक्यात. एखाद्या गोधडीत टाके पक्के पण मांडणी कुठूनतरी जशीच्या तशी उचललेली असेल, तर तिला फक्त पहिला शब्द द्यावा. उलटही घडतं: मांडणी अप्रतिम, आणि दोनदा धुतल्यावर शिवण सुटलेली.